पाचव्या दिवसाची पोस्त

जितेंद्रनं सकाळपासून हेल्मेट काढलं नव्हतं. एका बाजूला खाडी नि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या देवबागच्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर, भर उन्हात, लोकांच्या दारात उभं राहतानाही हेल्मेट घालून ठेवणारा माणूस म्हणजे नवलच. दोघा-तिघांनी विचारलं. "सर्दी झाली आसा," असं त्यानं सांगितलं, आणि सर्दीचा हेल्मेटशी काय संबंध, हे पुढं कुणी विचारलं नाही. पार्सल हातात पडलं की ते आणणाऱ्या माणसाची चौकशी संपते, हे चार वर्षांच्या नोकरीत त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

हेल्मेटखाली त्याचं डोकं भादरलेलं होतं. वडिलांना अग्नी दिल्याला आज पाचवा दिवस होता.

अग्नी देणाऱ्यानं बारावा होईस्तोवर घराबाहेर पडू नये, कुणाला शिवू नये, कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये. कट्टा गावाजवळच्या त्याच्या वाडीत हे लहान पोरालाही ठाऊक. पण मालवणात पार्सलांचं काम सांभाळणाऱ्या सुदेशचा तिसऱ्या दिवशी फोन आला होता. सुदेश वाईट माणूस नव्हे. तो अगदी हळू आवाजात बोलला. "वाईट झाला रे. पण वरून विचारतत. देवबागची लाईन मी आणि एक दिस धरून ठेवतंय. मगे दुसऱ्याक देवची लागतली. आणि इलंस तर एकय तक्रार येवक देव नको." म्हणून आज पहाटे जितेंद्र मागच्या काजूच्या बागेतून, गाडी हातानं ढकलत, चोरासारखा रस्त्याला लागला होता. थोरल्या बहिणीनं, सारिकानं, न्हाणीघराच्या दारातून त्याला जाताना पाहिलं होतं.

त्याला वाईट वाटत नव्हतं, हीच त्याची मोठी अडचण होती. बाप गेला म्हणजे काहीतरी व्हायला हवं. रडू यावं, राग यावा, निदान झोप उडावी. त्याला झोप लागत होती. लोक येत होते, बसत होते, न बोलता उठून जात होते, आणि तो त्यांच्या चपलांकडे बघत होता. फक्त एक गोष्ट होत नव्हती. घास गिळला जात नव्हता.

मयताच्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे शिजवून आणतात, आणि ते घरच्यांनी दोन घास तरी खायचं असतं. त्याला कडू घास म्हणतात. शेजारच्या तुळसाकाकीनं त्या दिवशी पेज आणली होती. जितेंद्रनं घास तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि शेवटी मागीलदारी जाऊन टाकून आला. तेव्हापासून चहा आणि बिस्किटं. सारिका रोज त्याचं पान वाढायची आणि रोज ते तसंच उचलायची. आग्रह करून ती थकली होती.

वडील, गंगाराम पोस्टमन, यांची सारी हयात सायकलीवर गेली. दिवाळीला त्यांना घरोघरची पोस्त मिळायची. कुणी नारळ द्यायचं, कुणी पायलीभर पोहे, एखादा हातात नोट ठेवायचा. त्या काळी पोस्टमनला काही द्यावं की देऊ नये असली चर्चा कुणी करत नसे. वर्षभर जो दारात येतो त्याला वर्षातून एकदा द्यायचं, संपला विषय. बाबाही मान खाली न घालता घ्यायचे. पण त्यांचा एक नेम होता. ज्या घरी मरणाची तार नेली, त्या घरचं पाणी ते प्यायचे नाहीत. तार वाचून द्यायचे, घरच्या बायांचा आकांत ओसरेपर्यंत बाहेर खळ्यात, अंगणात, उभे राहायचे आणि निघायचे. त्या दिवाळीला त्या घरची पोस्तही नाही. जितेंद्रनं लहानपणी विचारलं होतं, का. "आमी कसली बातमी आणली ता आमका तरी आठवाक व्हया," एवढंच ते म्हणाले होते.

जितेंद्रच्या वाट्याला पोस्त नव्हती, टीप होती. पर्यटकांसाठीच्या खोल्यांवर उतरलेले पाहुणे कधी नोट काढून द्यायचे, कधी फोनवर पाच तारे द्यायचे आणि तारे दिल्याचं दोनदा सांगायचे. गावची माणसं पैसे देत नसत. पण कुणाकडून वेलावरचं तवसं मिळायचं, कुणाकडून आमसुलं, कुणाकडून कागदात गुंडाळलेला सुका बांगडा, आणि पाणी तर हमखास. आज त्यानं पाच घरी पाणी नाकारलं होतं. दोन घरी उपास सांगितला, तिसरीकडे घाई. खोटं बोलताना काही वाटेल म्हणून त्यानं वाट पाहिली. काही वाटलं नाही.

बारा वाजता तो यशोदाकाकींच्या खळ्यात गाडी लावून उभा राहिला आणि दारावरचं झेंडूचं तोरण बघून त्याला कळलं की आपण नको त्या दिवशी नको त्या दारात आलोय.

आठ दिवसांपूर्वी याच घरी त्यानं बाळाच्या लंगोटांचा मोठा खोका आणून दिला होता. काकींच्या सुनेला मुलगी होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. घरात सोयर. सोयर असो की सुतक, विटाळ तो विटाळच. बाळ बघायला आलेल्या शेजारणी दगडी गडग्यापलीकडूनच विचारपूस करून जात होत्या, घरात कुणी पाणी घेत नव्हतं. जितेंद्रला ते कळलंही होतं. पण ऊन फार होतं, काकी नेहमीसारख्या गूळ-पाणी घेऊन आल्या, आणि त्यानं घटाघटा पिऊन तांब्या खाली ठेवला. त्यात त्यानं काही विशेष केलं नव्हतं. तहान लागली होती. आज त्या बाळाचं बारसं होतं आणि त्याच्याकडच्या डबीत, वरच्या चिठ्ठीप्रमाणे, चांदीचे वाळे होते.

काकींनी आतूनच विचारलेलं पाणी त्यानं नको म्हटलं. डबी त्यानं पडवीच्या कडेला ठेवायचा प्रयत्न केला, पण काकींचा मुलगा चंदन पुढं झाला आणि हातातूनच घेतली. महागाची वस्तू असल्यामुळं फोनवर आलेला चार आकडी नंबर सांगितल्याशिवाय पार्सल पोचलं असं धरत नाहीत. फोन होता काकींच्या यजमानांकडे. त्यांना सारा गाव भाई म्हणे. भाई झोपाळ्यावर बसले होते, नवीन सदरा घालून.

"काका, नंबर सांगा."

"सांगतंय. आदी माका सांग, तुका पगार गावता मा?"

"गावता."

"आयकलंस, चंदन?" भाई मुलाकडे वळले. बापलेकांचा वाद जितेंद्र येण्याआधीपासूनच चाललेला असावा, कारण चंदनच्या हातात पाकीट तयार होतं.

"बाबा, उन्हातून आलाय माणूस," चंदन म्हणाला. तो मुंबईला नोकरीला होता आणि बोलायचाही मुंबईसारखा. "आज घरात आनंदाचा दिवस आहे. थोडे दिले तर काय बिघडलं?"

"बिघाडता. तीस वर्षां बोटीवर स्टुअर्ड होतंय मी. ताट ठेवलां काय सायबाच्या हाताकडे बघीत रवलंय. तोंडाकडे बघूचा विसारलंय. तीच सवय ह्या झिलाक कित्याक लावतस?"

"आणि त्याच टीपवर मी शिकलो ना?"

"म्हणानच सांगतंय," भाई म्हणाले.

खरं तर भाईंच्या बोलण्यात तथ्य होतं आणि चंदनच्याही होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी जितेंद्रला हा वाद ऐकायला मजा आली असती. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि त्याला काय वाटतं हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं, यात तर खूपच मजा होती. पण त्याला फक्त तो नंबर हवा होता. चार आकडे मिळाले की खाली उतरायचं, गाडी चालू करायची, पुढचं घर.

तेवढ्यात आतून यशोदाकाकी आल्या. ताटात नारळ, तांदूळ, विडा, कुंकवाचा करंडा आणि पेटवलेलं निरांजन. अंगावर नवं हिरवं लुगडं.

"पैसे देवचे काय नाय ता तुमी बापूस-झील ठरवा," त्या म्हणाल्या. "मी ह्येचो मान करतंय. सोयरात माझ्या नातीच्या घरचा पाणी पयला कोणी तोंडाक लावल्यान तर ह्येनी. सख्ख्या जावेन लावल्यान नाय. काढ रे झिला ता डोक्यावरचा. टिळो लावतंय."

जितेंद्र एक पायरी खाली उतरला.

"नको काकी."

"कित्याक?"

"घाई आसा."

"कपाळाक बोट लावक किती येळ जाता?"

तो आणखी एक पायरी उतरला आणि खळ्यात आला. काकी ताट घेऊन तिथंच थांबल्या. त्यांचा चेहरा पडला. असा चेहरा पडलेला बघणं फार वाईट असतं, विशेषतः नवं लुगडं नेसलेल्या बाईचा.

"आज पाणी नको म्हणालंस," त्या हळूच म्हणाल्या. "आता नारळय नको. आमचा काय चुकला रे?"

त्याच्याकडे सर्दी होती, उपास होता, घाई होती. सकाळपासून सगळं चाललं होतं, इथंही चाललं असतं. किंवा सरळ कपाळ पुढं करायचं, नारळ घ्यायचा आणि निघायचं. कुणाला कळणार होतं? पण बारा दिवसांच्या पोरीसाठी पेटवलेलं ते निरांजन काकींच्या हातात होतं, आणि ते आपल्या तोंडाभोवती फिरणार, हे काही त्याला करवेना. आपण कसली बातमी घेऊन दारात उभे आहोत, हे निदान आपल्याला तरी आठवायला हवं होतं. त्यानं हेल्मेट काढलं.

"माका सुतक आसा, काकी. बापूस गेलो. आज पाचवो दिस."

झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. चंदननं हातातली डबी खाली जमिनीवर ठेवली आणि हात कुठं ठेवावेत हे न कळून तसेच लोंबकळत ठेवले. भाई उठून उभे राहिले.

"सुतकात घराभायर पडलंस? आणि बारशाच्या घरात येतस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ती डबी परत घेवन जा. नंबर मी सांगूचंय नाय. तुझ्या सायबाक फोन लाव, मी बोलतंय तेच्याकडे."

झालं. लाईन गेली, असं जितेंद्रच्या मनात आलं. एक तक्रार, आणि उद्यापासून देवबागला दुसरा कुणीतरी येईल. तो हे वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघू लागला. तेही कुठं लागत नव्हतं. फोन काढायला त्यानं खिशात हात घातला.

"अग्नी कोणी दिलो?" काकींनी विचारलं.

"मीच."

"आणि पाचव्या दिसाक दारोदार फिरतस."

"नायतर लाईन दुसऱ्याक देतले."

काकींनी ताट पडवीच्या कट्ट्यावर ठेवलं. निरांजन पदरानं विझवलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आठ दिवसांमागे आमी काय होतो? विटाळातच होतो मा? तेवा ह्येनी विचारल्यान काय, पाणी घेव काय नको म्हणान? आणि चांदी ती. चिंचेन घासली काय झाली शुद्ध. डबी आत जातली."

"यशोदा, पावणे येतले आता."

"येवंदे."

तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला वारा कुठून आहे हे कळतं. ते पुन्हा झोपाळ्यावर बसले. फोन मुठीतच होता.

काकी जितेंद्रकडे वळल्या. "जेवलंस?"

"नाय."

"आजचा नाय इचारणंय. कडू घास खाल्लंस?"

त्यानं मान हलवली. "तोंडात घेतलंय. उतारलो नाय."

काकींनी पदर खोचला. आत गेल्या. आतून वडे तळल्याचा आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीचा वास येत होता. गावच्या पंगतीचं जेवण मांडून ठेवलेलं असणार. त्यातलं काही त्यांनी आणलं नाही. आणली ती सकाळची उकड्या तांदळाची पेज, घरच्याच काशाच्या वाडग्यात, वर मीठ आणि लोणच्याच्या खाराचा एक थेंब. खळ्याच्या कडेला, माडाच्या सावलीत, सारवलेल्या जमिनीवर त्यांनी त्याला बसवलं आणि समोर आपणही बसल्या. हिरव्या लुगड्याला शेणाची माती लागली.

"ह्यो बारशाचो घास न्हय," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाशीचो आसा. खा."

त्यानं पहिला घोट घेतला आणि तो नेहमीप्रमाणे तोंडात थांबला. काकी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. जमिनीवरची मुंगी बोटानं बाजूला करत होत्या.

"बापूस काय करी?"

तोंड भरलेलं असताना उत्तर देता येत नाही. उत्तर द्यायला म्हणून त्यानं गिळलं.

"पोस्टमन."

"मगे खूप चालूचा लागला असतला."

"सायकल होती."

"बरा. चढ खूप आसत काय तुमच्या बाजूक?"

"आसत. चढाक उतरी आणि ढकली."

"पावसात?"

"पावसात टपालाची पिशी छत्रीखाली. बाबा भिजत."

काकींनी आणखी काही विचारलं नाही. वाईट झालं असंही म्हणाल्या नाहीत. जितेंद्रनं वाडग्याकडे पाहिलं तर तो अर्धा झाला होता. मग जे व्हायला लागलं त्याची त्याला कल्पना नव्हती. भूक लागली. पाच दिवसांची भूक एकदम पोटात उठली, इतकी की दुखू लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, असं काही झालं नाही. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला, संपवला, आणि खाली ठेवून म्हणाला, "आणि आसा?"

होती. काकी उठल्या नि आणखी घेऊन आल्या.

दुसरा वाडगा संपत आला तेव्हा गडग्याबाहेर रिक्षा थांबली. पहिले पाहुणे उतरत होते. भाई पायऱ्या उतरून खळ्यात आले. जितेंद्रला वाटलं, आता उठवतील. भाई हातभर अंतरावर थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांपासून लांब धरला.

"लिव. सात. शून्य. चार. चार." मग, ऐकू गेलं नसेल म्हणून, त्यांनी पुन्हा एकदा तेच आकडे सांगितले. पाहुणे बघत होते. भाईंनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

जितेंद्रनं हात धुतले, नंबर दाबला. पार्सल पोचल्याची खूण उमटली. पडवीत चंदन अजून उभा होता, त्यानं पाकीट कधीच खिशात घातलं होतं. कट्ट्यावर ताट तसंच होतं, तांदळावर नारळ.

"आज रिकाम्या हातान जा," काकी म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला असं सांगितलं नसेल. "कडू घास खाल्ल्यावर काय नेव नये. नारळ ठेवतंय. बारावो झालो काय ये, तेवा टिळोय लावतंय."

"येतो" म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं. घरातून निघताना माणूस तेच म्हणतो. पण मयताच्या घासावरून उठताना येतो म्हणत नाहीत. तो न बोलता हेल्मेट हातात घेऊन गाडीकडे गेला. हेल्मेट त्यानं आरशाला अडकवलं आणि उरलेली सहा घरं तशीच केली, उघड्या डोक्यानं. तिघांनी पार्सल खाली ठेवायला सांगितलं. दोघांनी काहीच विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं, आपणहून, हात जोडले.

संध्याकाळी तो मागच्या वाटेनं न जाता समोरून घरी आला. वाडीतल्या माणसांनी त्याला येताना पाहिलं. बोलतील ते पुढं बोलतील. त्यानं न्हाऊन घेतलं आणि ओल्या अंगानंच चुलीजवळ बसला. सारिकानं रोजच्यासारखं पान मांडलं, भात वाढला, त्यावर डाळ ओतली आणि उठून भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं पान जसंच्या तसं उचलायचं, याची तिला आता सवय झाली होती.

जितेंद्रनं भात कालवला आणि घास घेतला. मग दुसरा घेतला. डाळीत मीठ जरा जास्त झालं होतं.

"आणि वाढ," तो म्हणाला.

सारिकानं पातेल्यातून भात घेतला. डाव पानापर्यंत आला आणि तिथंच थांबला. गेले पाच दिवस आल्यागेल्यांचं सगळं तिनंच पाहिलं होतं, कुणासमोर एकदाही ती डगमगली नव्हती. आता ती डाव हातात धरून मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली, बाबांचं नाव घेऊन. जितेंद्रनं तिच्या हातातला डाव काढून घेतला, भात आपला आपणच वाढला आणि जेवत राहिला.